उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करायचं, हे ठरवायचं कसं? आठवी ते दहावीच्या मुलांसाठी

एप्रिल लागला की शाळेच्या फाटकाबाहेर हँडबिलं वाटणारे उभे राहतात. रोबोटिक्स, वेदिक गणित, स्पोकन इंग्लिश, व्यक्तिमत्त्व विकास. त्यातलं एखादं हँडबिल घरी येतं, फ्रिजवर चिकटतं, शेजारच्या मुलाने नाव घातलं म्हणून आपलंही घातलं जातं आणि मे अर्धा सरायच्या आत जाणं बंद होतं. मी नववी-दहावीला शिकवतो. दर जूनमध्ये पहिल्या तासाला विचारतो, "सुट्टीत काय केलंत?" निम्म्या वर्गाचं उत्तर "सर, क्लास लावला होता" एवढंच असतं. पुढे काही विचारलं की मुलं बाकाकडे बघतात.

घोटाळा बहुतेक वेळा क्रमात होतो. आधी क्लास ठरतो, मग पैसे भरले जातात, मग वेळ शोधला जातो आणि आपल्याला नक्की हवं काय होतं, हे सगळ्यात शेवटी आठवतं. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. एक वही, पेन्सिल आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून बसा. पहिले तीन टप्पे एका संध्याकाळीत उरकतात.

टप्पा १ : दिवस मोजा, मग तास काढा

"दीड महिना सुट्टी आहे" हे वाक्य विसरा. कालनिर्णयावर खुणा करा. नववीत जाणाऱ्या एका मुलाचा हिशोब असा निघाला होता: २ मे ते १४ जून म्हणजे ४४ दिवस. त्यातले गावी १०, मावशीकडचं लग्न ४, वह्या-पुस्तकं-गणवेशाची खरेदी ३, आणि पाहुणे, ताप, गेलेली लाईट, उगाच लोळणं यांचे ५. उरले २२. रोज दोन तास धरले तर ४४ तास.

हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढची प्रत्येक निवड त्याच्यात बसवायची आहे. ४४ तासांत पोहायला येऊ शकतं, सायकल पूर्ण खोलून जोडता येऊ शकते, एक छोटं काम नीट तडीस जाऊ शकतं. गिटार, जर्मन आणि पायथन ही तिन्ही ४४ तासांत येत नाहीत. तरी दरवर्षी कोणीतरी तिन्ही लावतंच.

विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तेव्हा आपल्याकडची तारीख घ्या. नागपूर, अकोला, जळगावकडच्या मुलांनी मैदानावरचं किंवा रानातलं काम सकाळी दहाच्या आत नाहीतर पाचनंतरच धरायचं. ४४-४५ अंशांत दुपारी बाराची क्रिकेटची बॅच घेणाऱ्या प्रशिक्षकाला खेळ किती कळतो ते माहीत नाही, ऊन नक्की कळत नाही.

*दहावीची परीक्षा दिलेल्यांसाठी वेगळी सूचना.* तुमची सुट्टी लांब असते, म्हणून ती सगळी मोकळी आहे असं वाटतं. तसं नाही. अलीकडे निकाल मे महिन्यातच लागतो आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांच्यासाठी सेतू केंद्रावर रांग लागते, त्यात सर्व्हर बसतो. तुम्हाला यातले जे दाखले लागणार असतील त्यांचे अर्ज एप्रिलमध्येच टाका. निकालानंतरचा आठवडा कशालाही देऊ नका, वहीत तो काट मारून ठेवा.

आणि जेईई-नीटची व्हेकेशन बॅच लावलीच असेल तर तीच तुमची सुट्टी, हे मान्य करा. त्यावर आणखी काही चढवू नका. दिवसाला पाच तास बसून आलेलं मूल संध्याकाळी कथ्थकला जातं तेव्हा ते फक्त हजेरी लावतं.

टप्पा २ : घरात विचारायचे तीन प्रश्न

किती पैसे, ने-आण कोण करणार, फोन किंवा कॉम्प्युटर कोणाचा आणि किती वेळ. एवढंच, पण हे आधी विचारा. पैशात फीबरोबर रिक्षा-एसटीचं भाडं, साहित्य, गणवेश आणि रोजचं खाणं धरा. "फी फक्त पंधराशे" म्हणत सुरू झालेलं स्केटिंग चाकांच्या बुटापाशी आलं की घरात भांडण होतं. पैसे अजिबात नसतील तर चौथ्या टप्प्यातल्या 'ब' आणि 'क' भागाकडे सरळ जा. माझ्या पाहण्यातली सगळ्यात चांगली कामं तिथूनच झाली आहेत.

टप्पा ३ : शेवटी हातात काय असेल, ते एका ओळीत लिहा

इथे थोडं थांबायचं आहे. बहुतेक मुलं विषयाचं नाव लिहितात: "कोडिंग", "फोटोग्राफी", "विज्ञान". विषयाला टोक नसतं, त्यामुळे कधी संपलं आणि जमलं की नाही, हे कळायला मार्ग राहत नाही. त्याऐवजी १० जूनला दुसऱ्या माणसाला दाखवता येईल अशा वस्तूचं किंवा कृतीचं नाव लिहा.

"कोडिंग शिकणार" च्या जागी: "बाबांच्या दुकानातली उधारी नोंदवणारी आणि महिनाअखेरची बाकी आपोआप काढणारी एक्सेल शीट."

"पोहणं" च्या जागी: "न थांबता तलावाच्या दोन फेऱ्या आणि खोल बाजूला दोन मिनिटं पाण्यावर तरंगणं."

"स्वयंपाक" च्या जागी: "आजीच्या कुरडयांची पूर्ण कृती, वजनमापासकट."

हे शेवटचं एका मुलीने खरोखर केलं. तिची आजी सगळं अंदाजाने घालायची. "मीठ किती?" विचारलं की "चवीपुरतं", "पाणी किती?" विचारलं की "लागेल तेवढं". मुलीने युक्ती केली. मिठाचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन लिहिलं, आजीला नेहमीसारखं हाताने घेऊ दिलं, मग डबा पुन्हा काट्यावर. हिंगाचं तसंच, पाण्याचं तसंच. गहू तीन दिवस भिजत होते, रोज पाणी बदललं जात होतं, त्या प्रत्येक वेळी तिने वास कसा आला तेही लिहिलं. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून, गाळून रात्रभर ठेवलेल्या चिकावरचं पाणी ओतून टाकलं, तेव्हा चीक किती वाट्या निघाला, त्याला किती वाट्या पाणी उकळलं, ढवळताना चीक पांढऱ्याचा काचेसारखा कधी झाला, सगळं वेळेसकट. आणि शेवटी एक ओळ: "सोऱ्यात गरम असतानाच भरायचा. मी फोटो काढत बसले, दुसरा घाणा गार झाला, तारा तुटल्या." त्या एका ओळीसाठी मी तिला दहापैकी दहा दिले असते, पण सुट्टीच्या कामाला मी गुण देत नाही.

*तपासणी.* तुमची ओळ घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, "हे झालं की नाही, हे तू मला न विचारता सांगू शकशील का?" उत्तर "नाही" आलं तर ओळ पुन्हा लिहा.

*नेहमीची चूक : प्रमाणपत्र हेच फळ मानणं.* अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. दहावीला सवलतीचे वाढीव गुण मिळतात ते खेळ, शासनाची चित्रकला परीक्षा, शास्त्रीय नृत्य-गायन-वादन, लोककला अशा ठरावीक गोष्टींसाठी, ठरावीक नियमांनी. पंधरा दिवसांच्या शिबिराचं सोनेरी कडेचं प्रमाणपत्र त्यात कुठेच चालत नाही. पुढे अमेरिकेत पदवीसाठी जायचा विचार असेल तर तिथल्या कॉमन अ‍ॅप या अर्जात दहा उपक्रम लिहायला जागा असते, आणि प्रत्येकात काय केलं ते सांगायला दीडशे अक्षरं. अर्ज इंग्रजीत असतो; "Participated" म्हणजे नुसतं "सहभाग घेतला" याने त्यातली बारा अक्षरं जातात आणि समोरच्याला काहीच कळत नाही.

टप्पा ४ : आता कुठे शोधायचं

अ. निवड करून घेणारे कार्यक्रम. हे बहुधा मोफत किंवा स्वस्त आणि दर्जेदार असतात, पण मे महिन्यात जागं होऊन उपयोग नाही. इस्रोचा युविका कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. नववीतल्या मुलांसाठी, मे महिन्यात साधारण दोन आठवडे, इस्रोच्याच केंद्रात राहून. अर्ज मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये भरावा लागतो. निवडीत आठवीचे गुण धरतात, ऑनलाइन प्रश्नमंजुषा असते आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना वेगळं झुकतं माप मिळतं. तालुक्याच्या शाळांमधून अर्ज कमी जातात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. पुण्यातल्या मुलांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या शालेय उन्हाळी कार्यक्रमाची आणि मुंबईतल्यांनी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातल्या सुट्टीच्या शिबिरांची चौकशी मार्चमध्येच करावी.

ब. कोणाजवळ तरी बसून शिकणं. सायकलचं दुकान, शिंपी, सुतार, नर्सरी, छापखाना, घरचं किराणा दुकान. याला फी नसते, आणि हँडबिल नसतं म्हणून ते कोणाच्या डोक्यात येत नाही.

इथे कायदा माहीत हवा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून किंवा सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या कामाला हातभार लावणं तेवढं चालतं. चौदा ते अठरा वयात धोकादायक काम बंद, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती आणि विश्रांती धरून दिवसाचे सहा तास ही कमाल मर्यादा. तुम्हाला तर दोनच तास बसायचं आहे आणि शिकायला. हे दुकानदाराशी पहिल्याच दिवशी, घरचं मोठं माणूस बरोबर नेऊन, स्पष्ट बोला. वेल्डिंग, फटाके, रसायनं, चालती कापणी यंत्रं यांच्या आसपासही नाही.

क. स्वतःचं काम. वाळवणाची वही हा एक प्रकार झाला. दुसरा: सीझनवॉच, म्हणजे ऋतूंप्रमाणे झाडं कशी बदलतात याच्या नोंदी सामान्य लोकांकडून गोळा करणारा उपक्रम. आपल्या रोजच्या वाटेवरचं एखादं झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याची पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं नाहीत, थोडी आहेत की भरपूर, हे नोंदवायचं. मे महिन्यात बहावा घ्या, दर आठवड्याला काहीतरी बदललेलं दिसतं. आठवड्याला दहाच मिनिटं लागतात, पण आठवडा चुकवायचा नाही, म्हणून गावी जाणाऱ्या मुलांनी झाड गावचं निवडू नये. परत आल्यावर नोंद तुटते.

तिसरा: मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं मजकुराशी ताडून पाहणं. न तपासलेलं पान लाल दिसतं, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. ज्याचं शुद्धलेखन कच्चं आहे त्याने रोज दोन पानं करावीत. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला मला तरी याहून सोपा उपाय सापडलेला नाही, आणि शिक्षकांचं लाल पेन लागत नाही.

ड. कायमची कौशल्यं. पोहणं, टायपिंग, प्रथमोपचार. यांची निवड करताना फार डोकं चालवू नका, येत नसेल तर शिका.

*धोक्याची सूचना.* पोहायला तलावातच शिका, किंवा गावच्या ओळखीच्या विहिरीत, कमरेला दोरी आणि काठावर पट्टीचा पोहणारा मोठा माणूस असेल तरच. धरणाचा गाळ, दगडखाणीत साचलेलं पाणी, नदीचे डोह, इथे मित्रांच्या भरवशावर उतरायचं नाही. दर मे महिन्यात वर्तमानपत्रात त्याच बातम्या येतात आणि त्यातली मुलं बहुतेक तुमच्याच वयाची असतात.

टप्पा ५ : तीन दिवस चाखून बघा

यादीतल्या दोनच गोष्टी निवडा आणि प्रत्येकीला तीन दिवस द्या. पैसे भरायच्या आधी. क्लासवाला "आधी प्रवेश, मग बसायला" म्हणाला तर उत्तर मिळालंच.

तीनच दिवस का? पहिला दिवस नवेपणात जातो. दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो. तिसऱ्या दिवशी त्या कामाचा खरा चेहरा दिसतो. आमचा एक विद्यार्थी सायकलच्या दुकानात बसला. पहिल्या दिवशी त्याला नुसते छर्रे रॉकेलमध्ये धुवायला दिले. दुसऱ्या दिवशीही तेच, वर पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं. तो वैतागून मला म्हणाला, "सर, हे काय काम आहे?" तिसऱ्या दिवशी दुकानदाराने एक वाकडं चाक चिमट्यात उलटं टांगलं, फिरवलं आणि रिंगच्या कडेला खडू धरला. जिथे रिंग बाहेर येत होती तिथेच खडूची रेघ उमटली. "हा आउट. आता काढ." ज्या बाजूला रिंग गेली आहे त्याच्या उलट बाजूचे दोन आरे पाव फेरा घट्ट, त्या बाजूचे पाव फेरा सैल, पुन्हा फिरव, पुन्हा खडू. दोन तास गेले, आउट पूर्ण निघाला नाही. पोरगा चौथ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसला होता.

*तपासणी.* तिसऱ्या रात्री स्वतःला विचारा: उद्या नाही गेलो तर बरं वाटेल की चुकल्यासारखं? बरं वाटणार असेल तर दुसऱ्या पर्यायाकडे वळा. यात लाज नाही, म्हणून तर पैसे अजून भरलेले नाहीत.

टप्पा ६ : पैसे भरण्याआधी

काउंटरवर हे विचारा, आणि उत्तरं तिथल्या तिथे वहीत लिहा. समोर वही दिसली की उत्तरं जरा खरी येतात.

शिकवणार कोण, हँडबिलावरचा माणूस की त्याचा विद्यार्थी? एका बॅचला किती मुलं? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? बनवलेली वस्तू घरी न्यायला मिळते का?

शेवटच्या प्रश्नाची किंमत मी मोजली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी उत्साहाने वर्गातली सहा मुलं एका रोबोटिक्स शिबिराला धाडली. दहा दिवस मुलांनी तयार किटचे भाग चित्र बघून जोडले, शेवटच्या दिवशी गाडी पळाली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग किट खोलून पुढच्या बॅचसाठी खोक्यात. मुलांना साधी मोटर बॅटरीला उलटी जोडली तर काय होतं हेही सांगता येत नव्हतं. पालकांनी मला काही म्हटलं नाही, पण फी मी सुचवली होती.

ट्रेक, रॅपलिंग, राफ्टिंगचं निवासी शिबिर असेल तर आणखी एक: साहसी पर्यटन चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं राज्याचं धोरण २०२१ मध्ये आलं आहे. नोंदणी दाखवायला सांगा. जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर, मुलींसोबत बाई प्रशिक्षक आहेत का, रात्री फोन कोण उचलतं, हे आईबाबांनी स्वतः फोन करून विचारायचं. तुम्ही विचारून "हो म्हणाले" असं सांगायचं नाही.

टप्पा ७ : वेळ बांधा, वही ठेवा

रोज ठरलेली एकच वेळ, शक्यतो सकाळची. दुपारी जेवण, कूलर आणि मोबाइल एकत्र आले की पुढचं तुम्हाला माहीत आहे.

वहीत रोज तीनच ओळी: आज काय केलं, कुठे अडलं, उद्या पहिलं काय करायचं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला वेळ जात नाही. "आज छान वाटलं" लिहू नका. त्या सायकलवाल्या मुलाच्या वहीतलं एक पान असं होतं: "मागचं चाक. आउट दोन ठिकाणी. एक निघाला. दुसरा घट्ट करताना आरा फिरतो, निपल फिरत नाही, गंज आहे. उद्या आधी तेल सोडून ठेवणे." (निपल म्हणजे आरा रिंगेला धरून ठेवणारा बारीक नट.) महिन्यानंतर वाचलं तरी अर्थ लागतो.

*नेहमीची चूक.* पहिल्याच दिवशी इन्स्टाग्रामवर जाहीर करणं. जाहीर केल्याचंच समाधान इतकं मिळतं की कामाची निकड जाते. झाल्यावर टाका.

टप्पा ८ : मधला ढिला आठवडा

नवव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यांचंच गाडं रुततं. चुलतभाऊ येतात, आंबे येतात, आयपीएलचे सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. दोन दिवस बुडाले तर भरपाई म्हणून तिसऱ्या दिवशी सहा तास बसू नका. त्याने चौथा दिवसही जातो. नेहमीचे दोन तासच करा आणि तिसऱ्या टप्प्यातली ओळ थोडी आखूड करा. दोन चाकांऐवजी एक चाक. कुरडया, पापड आणि सांडगे यांऐवजी फक्त कुरडया.

सोडून कधी द्यायचं? शिकवणारा हात उगारत असेल, अंगचटीला येत असेल, जागा असुरक्षित असेल, तर त्याच दिवशी घरी सांगून. कंटाळा आला म्हणून सोडायचं असेल तर आणखी दोन दिवस जाऊन.

टप्पा ९ : शेवटचे तीन दिवस

इथे नवीन काही शिकायचं नाही. ओळीत लिहिलेली वस्तू पुरी करा आणि ज्याला त्या कामातलं कळतं अशा एकाला दाखवा. आईला सगळंच आवडतं, म्हणून आई नको. उधारीची शीट असेल तर बाबांना एक आठवडा खरी उधारी तिच्यात भरू द्या. ते जिथे चिडतील तिथे शीट चुकली आहे.

मग आवराआवर: मागून आणलेली हत्यारं आणि पुस्तकं परत, दुकानदाराकडे शाळा सुरू होत असल्याचं सांगायला जाणं, सीझनवॉचचं झाड असेल तर जूनमधली वेळ ठरवणं, कारण पाऊस पडल्यावर त्याच झाडाच्या नोंदी बदलतात. आणि आत्ता आठवीची परीक्षा दिली असेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: "फेब्रुवारी, पहिला आठवडा, युविकाची जाहिरात आली का बघणे." नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की ती ओळ तिथे उतरवायची.